कोलबी आणि कोळंबी

ठाणे स्थानकाच्या पूर्वेस उतरून मीठबंदराच्या दिशेने चालू लागले, की पहिली काही मिनिटे रिक्षांचा कल्लोळ, फळवाल्यांच्या हातगाड्या आणि घराकडे परतणाऱ्या चाकरमान्यांची लगबग यांतून वाट काढावी लागते. मग गर्दी विरळ होत जाते, वाऱ्याला किंचित खारट, किंचित कुबट असा चिखलाचा वास येऊ लागतो, आणि आज ज्या वस्तीला बहुतेक लोक ‘ठाणे पूर्व’ एवढ्याच नावाने ओळखतात ती मूळची खाडीकाठची कोपरी आहे, याची आठवण डोळ्यांच्या आधी नाकाला होते. या रस्त्यापासून जवळच एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर माझे बिऱ्हाड आहे. गेल्या वर्षी मार्गशीर्ष महिन्यात सलग अकरा संध्याकाळी त्या बिऱ्हाडाच्या पुढल्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून आणि दोन्ही हात अंगाशी घट्ट धरून, नववीत शिकणारी एक मुलगी उभी राहत असे, आणि मी घड्याळ मेजावर ठेवून ‘हं’ म्हटले की बोलू लागत असे.

तिचे नाव मी येथे लिहीत नाही. ती अद्याप शाळेत आहे. शिवाय जी हकीकत सांगावयाची आहे तिच्यात जे चुकले ते माझ्या हातून चुकले, आणि त्याची सावली तिच्या नावावर पडावी अशी माझी इच्छा नाही.

एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतून तिची अंतिम फेरीसाठी निवड झाली होती. घरात आजवर कोणी व्यासपीठाची पायरी चढलेले नव्हते. चेंदणी कोळीवाड्यातले ते घर. आजोबा खाडीत जात असत, वडील कारखान्यात नोकरीस लागले तेव्हा होडी विकली गेली, आणि आजी मात्र अजूनही पहाटेच्या गाडीने मुंबईस भाऊच्या धक्क्यावर जाऊन मासळी आणते व बाजारात पाटी मांडून बसते. तिच्या मुलाला मी शाळेत शिकविले होते. तेवढ्या ओळखीवर, अंतिम फेरीचे पत्र हाती आले त्याच संध्याकाळी, ती नातीला घेऊन माझ्या दारी आली. बसा म्हटले तरी बसली नाही. उंबऱ्यातूनच म्हणाली, “मास्तर, हिची जीब जरा सरल करा.”

मुलीच्या हातात प्राथमिक फेरीचे गुणपत्रक होते. विषयाला चांगले गुण, हावभावांना बरे, आणि खाली परीक्षकांचा शेरा: ‘उच्चाराकडे लक्ष द्यावे. ण, ळ.’ ज्या दोषावर परीक्षकांनी बोट ठेवले होते तो आजीच्या त्या एका वाक्यातही होता, आणि तो दूर करण्याची विनंतीही तिने त्याच उच्चारात केली होती, हे माझ्या ध्यानात आले. पण त्या वेळी त्यातून मी एवढाच अर्थ काढला, की काम मोठे आहे आणि मुदत थोडी आहे.

उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील कोळी आणि आगरी बोलींत मूर्धन्य ण आणि ळ यांना फारसे स्थान नाही. ण चा न होतो, ळ चा ल होतो. ही कोणाच्या जिभेची दुर्बलता नव्हे. ग्रियर्सनसाहेबांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. सरकारी दप्तरात एखाद्या प्रांताच्या मातीची आणि पिकांची नोंद व्हावी, तशी या बोलींची नोंद त्यात नमुन्यांसह केलेली आहे. ही माहिती मला होती. तथापि शाळेच्या दप्तरातला शिरस्ता निराळा असतो, आणि बत्तीस वर्षे मराठी शिकविताना मी तोच पाळला: ‘पानी’ दिसले की तांबड्या शाईने ‘पाणी’ करावे, ‘शाला’ ऐकू आले की वर्ग थांबवून ‘शाळा’ म्हणून घ्यावे. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य शिवाजीराव भोसले बोलावयास उभे राहिले, की हातात कागदाचा चिटोरा नसताना तासभर एकही वाक्य अधांतरी राहत नसे. राम शेवाळकरांच्या तोंडी संस्कृत समासही मायेने बोलल्यासारखे वाटत. अशा वाणीवर माझ्या पिढीचे कान घडले. त्या वाणीवर माझी श्रद्धा होती व आजही आहे. कोळीवाड्यातल्या एका मुलीला त्या वाणीच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन सोडावे, याहून अधिक चांगले काम निवृत्त शिक्षकाच्या वाट्याला काय येणार, असे मला त्या संध्याकाळी मनापासून वाटले.

ळ शिकविणे म्हणजे काय, हे ज्याने तो शिकविला आहे त्यालाच ठाऊक. जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावावयाचे आणि सोडताना पुढे झोकून द्यावयाचे. सांगायला सोपे, पण ज्या जिभेने चौदा वर्षे ल म्हटले तिला ही कसरत परकी वाटते. मी तिला हातात आरसा दिला. बाळ, काळ, ओळ, मूळ, टिळक, आभाळ, असे शब्द ती पहिले दोन दिवस म्हणे आणि तोंडातून कधी ल निघे, कधी ड. तिसऱ्या दिवशी ‘आभाळ’ या शब्दात तिला ळ सापडला. तिचा चेहरा उजळला, आणि मग तो नवा मिळालेला वर्ण ती जिकडे तिकडे वापरू लागली. ‘मला वाटते’च्या जागी ‘मळा वाटते’, ‘फुले’च्या जागी ‘फुळे’. तिला जेव्हा कळले की काही ठिकाणी आपला जुनाच उच्चार बरोबर होता, तेव्हा ती गोंधळून माझ्याकडे पाहत राहिली. कोणता ल ठेवावयाचा आणि कोणता टाकावयाचा याचा नियम तिने मला विचारला. नियम नाही, पाठ करावे लागेल, असे मी सांगितले. तिने पाठ केले. जिना उतरताना, मीठबंदराच्या रस्त्याने घरी जाताना ती पुटपुटत जाई, ‘कमळ, कमल नव्हे; मला, मळा नव्हे’, आणि मी खिडकीतून तो आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकत असे.

आता भाषणाच्या मजकुराविषयी सांगितले पाहिजे, कारण खरी गोष्ट तेथे आहे. अंतिम फेरीसाठी विषय मुक्रर झाला होता ‘ठाण्याची खाडी: काल, आज आणि उद्या’, आणि मुदत सहा मिनिटांची. तिने आपल्या वहीत शिसपेन्सिलीने चार पाने लिहून आणली होती. आजोबा ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरत आणि हाताने निवट्या धरीत. निवट्याच्या बिळाला दोन तोंडे असतात, एक पायाने बुजवावयाचे आणि दुसऱ्यात हात घालावयाचा. हात बाहेर येई तेव्हा कोपरापर्यंत काळा असे. आजी सुपातली कोलबी वाट्यांनी विके आणि शेवटचा वाटा घरी आणी. अलीकडे खाडीतली कोलबी कोणी घेत नाही, तिला घासलेटाचा वास येतो म्हणतात, आणि म्हणून आजीला पहाटे उठून भाऊच्या धक्क्यावर जावे लागते. आपल्या दाराशी खाडी असताना मासळी गाडीतून आणावी लागते, हे आजी कोणाला सांगत नाही. असे त्या चार पानांत होते. वाक्ये तुटक होती, शुद्धलेखन सदोष होते, ‘काल, आज आणि उद्या’ हा क्रम कोठेच पाळलेला नव्हता.

मी ती चार पाने वाचली आणि बाजूस ठेविली.

मग विनायक लक्ष्मण भावे यांनी १८९३ साली स्थापन केलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात दोन सकाळी बसून मी टिपणे काढली, आणि त्यांवरून तिच्यासाठी नवे भाषण सिद्ध केले. पोर्तुगीज अमदानीतले ठाणे. १७३७ साली मराठ्यांनी ते घेतले तो प्रसंग. १६ एप्रिल १८५३ रोजी चौदा डबे आणि सुमारे चारशे प्रवासी घेऊन बोरीबंदरहून ठाण्याला आलेली देशातली पहिली प्रवासी गाडी. पुढल्याच वर्षी खाडी ओलांडून कल्याणला पोहोचलेला लोहमार्ग. मिठागरे आणि त्यांच्यावरून पडलेले मीठबंदर हे नाव. २०१५ साली जाहीर झालेले रोहित पक्ष्यांचे अभयारण्य. २०२२ साली रामसर यादीत झालेला खाडीचा समावेश. यातला प्रत्येक दाखला खरा होता आणि प्रत्येकाची मी खातरजमा केली होती. मासळीचा उल्लेख मी एका वाक्यात आणला: एके काळी ही खाडी जिताडा, बोय आणि कोळंबी यांनी समृद्ध होती. निवट्याचे बीळ गेले, घासलेटाचा वास गेला, शेवटचा वाटा गेला. मुलीने तक्रार केली नाही. तिने फक्त एकदा विचारले, “सर, आजोबांचं कुठे घ्यायचं?” मी म्हणालो, सहा मिनिटांत सगळे बसत नाही. ते खोटे नव्हते. पण कशासाठी जागा करावयाची हे मीच ठरविले होते.

अंतिम फेरीच्या दिवशी सभागृह भरले होते. स्पर्धक पहिल्या दोन रांगांत, त्यांचे शिक्षक तिसरीत, पालक मागे. आजी अगदी शेवटच्या रांगेत येऊन बसली होती. मी मुद्दाम तिच्याशेजारी जाऊन बसलो. ठेवणीतले लुगडे, अंबाड्यात वेणी, आणि मांडीवर एकमेकांत गुंतवून ठेवलेले हात. त्या हातांना लिंबाचा वास येत होता. बाजार उरकून, हाताला लिंबू चोळचोळून, वास गेल्याची खात्री करूनच ती त्या सभागृहात आली होती. मला तो वास आजही आठवतो.

नातीच्या आधी कोपरी कॉलनीतला एक सिंधी मुलगा बोलला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची ती वसाहत. त्या मुलाच्या घरची ही चौथी पिढी असावी. सिंधी भाषेत ण आहे, ळ नाही. त्यामुळे ‘पाणी’ तो आमच्यापैकी कोणाहीइतके ठसठशीत म्हणे, आणि ‘काळे पाणी’चे ‘काले पाणी’ करी. त्याच्या पणजोबांनी येथे उतरल्यावर प्रथम पाहिली ती खाडी, आणि तिला पाहून त्यांना सिंधू आठवली, असे काहीसे तो सांगत होता. प्रत्येक ‘काले’ला सभागृहात कौतुकाची एक झुळूक उठे: परका मुलगा असून किती गोड मराठी बोलतो! मीही हसलो. आणि हसता हसता मनात एक विचार असा रुतला की तो अजून निघालेला नाही. त्या मुलाचा ल आम्ही पाहुण्याचा म्हणून मायेने ऐकतो. आणि जे लोक या खाडीकाठी आपल्या सर्वांच्या आधीपासून राहत आले, ज्यांच्या वस्तीच्या कडेकडेने हे शहर उभे राहिले, त्यांच्या तोंडचा तोच ल आम्ही अडाणीपणाच्या खात्यात मांडतो. पाहुण्याला जी सवलत, ती घरच्याला नाही. हा हिशेब कोणी कागदावर लिहून ठेवलेला नाही, म्हणून तर तो इतकी वर्षे चालत आला.

मग तिचा क्रमांक पुकारला गेला. ती निर्दोष बोलली. घंटा वाजली तेव्हा शेवटचे वाक्य उच्चारून ती नमस्कार करीत होती, इतके वेळेचे भान. प्रत्येक ण जागेवर, प्रत्येक ळ टाळूवरून सुटलेला, हात जेथे उचलावयाचा तेथे उचललेला. ‘जिताडा, बोय आणि कोळंबी’ हे शब्द आले तेव्हा शेजारी आजीचे ओठ हलले. नातीपाठोपाठ, अगदी हलक्या आवाजात, कोणाला दुरुस्त करण्यासाठी नव्हे तर आपल्या ओळखीची वस्तू गर्दीत दिसावी तशी, ती म्हणाली, “कोलबी.” पुढल्या वाक्यात इसवी सन होते, तेथे ती पुन्हा स्तब्ध झाली.

टाळ्या झाल्यावर तिने पदराने डोळे टिपले आणि मला म्हणाली, “बामनावानी बोलली माजी पोर.” त्यात उपरोधाचा लवलेश नव्हता. निव्वळ धन्यता होती. मी मान डोलावली. पण नात काय बोलली, हे तिने विचारले नाही, त्याविषयी एक शब्दही काढला नाही. आणि ते तिला कितपत कळले असेल याचा अंदाज मला येऊ लागला, तसा माझ्या मनातला आनंद हळूहळू ओसरला. तिच्याच नवऱ्याच्या खाडीविषयी तिची नात सहा मिनिटे बोलली होती, आणि त्यात तिला ओळखू आलेला शब्द एक होता, तोही मी बदलून घेतलेला.

निकालात मुलीला उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले. सिंधी मुलाचा क्रमांक तिसरा आला. स्पर्धा संपल्यावर तिने गुणपत्रक आणून माझ्या हाती दिले. उच्चार: वीसपैकी वीस. आणि खाली शेरा: ‘माहिती उत्तम. विषय मात्र पुस्तकी वाटला. प्रत्यक्ष अनुभवाची जोड हवी.’ परीक्षक ज्ञानी होते आणि त्यांनी लिहिले ते अक्षरशः खरे होते. त्या सभागृहातल्या बारा स्पर्धकांत जिच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या त्या चिखलात हात घातला होता, तिलाच अनुभव नाही असे वाटावे, इतके मी ते भाषण धुऊन स्वच्छ केले होते.

त्या रात्री मला कल्याणच्या जोशी घराण्यातल्या यमुनेची आठवण येत राहिली. ३१ मार्च १८६५ हा तिचा जन्मदिवस. नवव्या वर्षी लग्न झाल्यावर ती आनंदीबाई झाली, चौदाव्या वर्षी तिचे मूल दहा दिवसांत गेले, आणि नवऱ्याच्या टपाल खात्यातल्या बदलीमुळे ती बंगालमध्ये श्रीरामपूरला येऊन पोहोचली. तेथल्या महाविद्यालयाच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी ती व्यासपीठावर उभी राहिली तेव्हा तिला अठरावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. वैद्यकी शिकावयास आपण अमेरिकेस का जाऊ इच्छितो, हे तिला लोकांना सांगावयाचे होते. ते भाषण इंग्रजीत होते. म्हणजे तिची घरची भाषा, कल्याणच्या वाड्यातली मराठी, त्यात एक अक्षर नव्हती. भाषा सर्वस्वी उसनी होती, शिकून, घोकून मिळविलेली. आणि तरी ते भाषण दुसऱ्या कोणाचे असूच शकत नव्हते, कारण रस्त्याने जाताना लोक कसे गोळा होतात, कोणी ओसरीवर बसून काय टोमणे मारतो, कोणी खडे कसे फेकतो, हे तिने त्या परक्या भाषेत, त्या अनोळखी श्रोत्यांसमोर सांगितले होते. पुढे ती अमेरिकेला गेली, १८८६ साली डॉक्टर झाली आणि दुसऱ्याच वर्षी वारली, हे सर्वांना ठाऊक आहे. मी मात्र तिच्या त्या सभेतल्या खड्यांपाशीच थांबलो. कोणी हितचिंतक गृहस्थ भाषणाच्या आदल्या संध्याकाळी तिला म्हणाला असता, की खडे फेकल्याचे राहू दे, त्याऐवजी वैद्यकशास्त्राचा इतिहास सांग, तर काय उरले असते?

सबब दोष ळ चा नव्हता, आणि मी तिला ळ शिकविला याचा मला पश्चात्तापही नाही. मराठीच्या एका मुलीला मराठीचे सर्व वर्ण यावेत, हा तिचा हक्क आहे. पश्चात्ताप आहे तो वही बाजूस ठेविल्याचा. ती चार पाने मी परत मागितली तेव्हा ती तिच्याकडे नव्हती. मी नवे भाषण दिले त्या दिवशी तिने ती वही तशीच घरी टाकून दिली होती. तिच्या समजुतीने त्या पानांचे काम संपले होते. चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षकाची मर्जी शब्दांशिवाय कळते.

या वर्षी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दारावरची घंटा वाजली. कोळीवाड्यात रात्री उशिरापर्यंत वाद्ये चालली होती. तिच्या डोळ्यांवर जागरण होते आणि हातात ओल्या नारळाच्या वड्यांचा डबा. ती आता दहावीत आहे. स्पर्धेचे पत्रक शाळेत आले आहे, या खेपेस विषय स्पर्धकाने निवडावयाचा आहे, आणि दहावी असली तरी शेवटचे वर्ष म्हणून वडिलांनी परवानगी दिली आहे, असे तिने एका दमात सांगितले. मग पिशवीतून वही काढली. तीच वही. आजीने ती रद्दीत जाऊ दिली नव्हती. बाजाराच्या हिशेबासाठी मागच्या कोऱ्या पानांवर आकडे मांडले होते, आणि पुढची शिसपेन्सिलीची चार पाने तशीच होती, कडेला पाण्याचे डाग पडलेली.

“सर, हेच बोलू?”

मी हो म्हणालो. मग आम्ही दोघे मेजाशी बसलो आणि या वेळी मी तांबडी शाई काढली नाही. निवट्याच्या बिळाविषयी मला जे कळत नव्हते ते मी विचारीत गेलो, आणि ती हाताने दाखवीत गेली: तोंड केवढे असते, पाय कोठे ठेवावयाचा, हात किती आत जातो, चिखल कोठवर थंड लागतो. बिळात खेकडा निघाला तर काय, असे मी विचारले तेव्हा तिने आजोबांच्या उजव्या अंगठ्यावरच्या खुणेची गोष्ट सांगितली, जी वहीत नव्हती. ती आम्ही घातली. इतिहासातली एक तारीख तिने स्वतः मागून घेतली, आगगाडीची. कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे आजीची पहाटेची गाडी त्याच मार्गाने जाते.

उठता उठता ती थांबली. “सर, मासळीची नावं मी घरी म्हणतात तशीच म्हणू का? बाकीचं तुम्ही शिकवलंत तसं.”

मी तिला फसविणार नव्हतो. म्हणालो, “गुण जातील.”

“किती?”

“उच्चाराला वीस असतात. दोन जातील, फार तर तीन.”

तिने क्षणभर विचार केला. बाजारात आजी वाट्याचा भाव ठरविताना करते तसाच, खाली बघून, ओठ मुडपून.

“पण आजीला कळेल,” ती म्हणाली. ण आणि ळ दोन्ही स्वच्छ होते.

मग ती खोलीच्या मध्यावर जाऊन उभी राहिली, खिडकीकडे तोंड करून. मी घड्याळ काढून मेजावर ठेवले आणि ‘हं’ म्हटले.